नियम सगळ्यांचे, डबे कुणाचे?



दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहा जण जपानला जाऊन आलो. त्यातले पाच दिवस क्योटोला होतो. परत आल्यापासून मंदिरात, भिशीत, लग्नघरात मला एकच प्रश्न विचारला जातोय, "खायला काय काय नेलं होतंस?" 'नेलं होतंस', लक्षात घ्या. 'नेलं होतं का तुम्ही सगळ्यांनी' असं कुणी विचारत नाही. आमच्या ह्यांना तर हा प्रश्न आजवर एकानेही केलेला नाही. त्यांना विचारतात, "सोन्याचं मंदिर बघितलं का? बुलेट ट्रेन कशी आहे?" एकाच घरातली, एकाच विमानाने गेलेली दोन माणसं. एकाने शहर बघून यायचं आणि दुसरीने डबे सांभाळून यायचं, हे आपण सगळ्यांनी गृहीतच धरलंय. आज मला त्याविरुद्ध बोलायचं आहे, आणि जरा स्पष्टच बोलायचं आहे.

आधी एक सांगते. 'परदेशात सगळं चालतं' असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कंदमूळ नाही, अंडं नाही, रात्रीभोजन नाही, यातलं काहीही क्योटोत सुटलं नाही. माझं भांडण नियमांशी नाहीच. नियम एकाचा आणि त्याचे कष्ट दुसऱ्याचे, या व्यवहाराशी आहे. या व्यवहाराला आपण धर्म म्हणतो, याचा मला राग आहे.

आपल्याकडच्या परदेशवाऱ्या कशा होतात ते आपल्याला ठाऊक आहे. महिनाभर आधीपासून घरातली बाई भाजणी भाजते, दशम्या आणि खाकरे करते, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाशिवायची भडंग, लाडू असं सगळं पिशव्यांत भरते. दोन बॅगा कपड्यांच्या आणि दोन खाण्याच्या. परदेशात पोचल्यावर पहाटे चारला उठून ती हॉटेलच्या खोलीत डबे भरते, दुपारी सगळे फिरत असताना संध्याकाळच्या जेवणासाठी लवकर परतते, आणि घरी आल्यावर सांगते, "छान झाली ट्रिप, कुणाची उपासमार झाली नाही." मागे एका सहलीत मी चार घरच्या चार बायका अशा बघितल्या आहेत. त्यांच्या नवऱ्यांच्या फोनमध्ये तीनतीनशे फोटो होते आणि त्या चौघी मिळून सात-आठ फोटोंत होत्या.

क्योटोत तर हे आणखी अवघड होतं, कारण तिथला दिवस लहान. नोव्हेंबरच्या मध्याला क्योटोत सूर्य पाचच्या आधीच मावळतो. सूर्योदयानंतर दोन घटका आणि सूर्यास्ताआधी दोन घटका सोडायच्या असं ज्यांचं आहे, त्यांनी ४८ मिनिटांचा हिशोब धरला तर सकाळचा पहिला घास सव्वासातच्या सुमाराला आणि शेवटचा घास चारच्या आसपास. आणि तिथली बहुतेक मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात. म्हणजे मंदिरं उघडी असतात तेव्हाच चूल पेटवायची असते. अशा गावात स्वयंपाक एकटीवर असेल, तर तिने क्योटो बघितलं असं म्हणायचं कशाला? ७९४ सालापासून हजारावर वर्षं जी राजधानी होती, ती नगरी तिने खिडकीतून बघितली.

म्हणून तिकिटं काढली त्याच रात्री मी घरात सहा कोरे कागद दिले. म्हटलं, या प्रवासात आपण काय पाळणार ते ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं. सासूबाईंनी लिहिलं: घरच्या हातचंच अन्न, गाळलेलं पाणी, सूर्यास्ताआधी जेवण. मामंजींनी अष्टमी-चतुर्दशीचं एकासन लिहिलं. ह्यांनी कंदमूळ आणि रात्रीभोजनाचा त्याग. सोळा वर्षांच्या मुलाने कंदमूळ आणि अंडं लिहिलं, आणि रात्री फक्त फळ आणि पाणी चालेल असंही लिहिलं. तेरा वर्षांच्या मुलीने सगळ्यांचं वाचून घेतलं आणि मग स्वतःचं लिहिलं. माझा कागद सासूबाईंच्या जवळपास. मग मी एवढंच म्हटलं की ज्याचा कागद त्याची जबाबदारी. कागदावर लिहिलंय त्यासाठी लागणारं काम त्यानेच वाटून घ्यायचं.

आता मैत्रिणींनो, क्योटोबद्दल मला मनापासून सांगावीशी वाटते ती गोष्ट ऐका. त्या गावात झेन मठांची एक शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा आहे, तिला शोजिन र्‍योरी म्हणतात. मांस नाही, मासा नाही, आणि कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या पाच भाज्याही नाहीत. ऐकून वाटतं, चला, आपलंच ताट! पण तसं नाही. त्या ताटात बर्डॉकचं मूळ, कमळाचा कंद, मुळा, अळकुड्या आणि शिताके नावाच्या अळंब्या असतात. ते आपल्याला चालत नाही, म्हणून आम्ही तिथे जेवलो नाही. पण 'शोजिन' या शब्दाचा अर्थ मी घेऊन आले. जपानी बौद्धांनी ज्या संस्कृत शब्दासाठी 'शोजिन' वापरला तो शब्द आहे 'वीर्य', म्हणजे उद्यम, नेटाने केलेला प्रयत्न. आपल्या पंचाचारांत ज्ञानाचार, दर्शनाचार, चारित्राचार, तपाचार यांच्यानंतर पाचवा कोणता येतो? वीर्याचार. आपली शक्ती न लपवता धर्मात लावणं. मग मला सांगा, ज्या माणसाने नियम घेतला पण त्यासाठी हात हलवला नाही, ज्याची शक्ती सोफ्यावर लपून बसली, त्याचा वीर्याचार कुठे राहिला?

दुसरी गोष्ट दोगेन यांची. झेनच्या सोतो पंथाचे हे आचार्य १२०० साली क्योटोतच जन्मले. १२३७ मध्ये क्योटोजवळच्या आपल्या मठात त्यांनी एक छोटा ग्रंथ लिहिला, 'तेन्झो क्योकुन' म्हणजे मठातल्या स्वयंपाक्यासाठी उपदेश. झेन मठात स्वयंपाकघर सांभाळणारा तेन्झो हा सहा मोठ्या अधिकाऱ्यांपैकी एक असतो. हे काम नवशिक्याला देत नाहीत, साधनेत मुरलेल्या भिक्षूला देतात. दोगेन तरुणपणी चीनला गेले होते, तिथला एक प्रसंग त्यांनी सांगितलाय. एक म्हातारा तेन्झो भर दुपारी, डोक्यावर टोपीसुद्धा न घेता, तापलेल्या फरशीवर अळंब्या वाळत घालत होता. दोगेननी विचारलं की हे काम दुसऱ्या कुणाकडून का करून घेत नाही. त्या म्हाताऱ्याच्या उत्तराचा आशय असा, की दुसऱ्याने केलेलं ते माझं होत नाही.

अळंब्या आपल्याला वर्ज्य असोत, पण ते उत्तर आपल्याला वर्ज्य नाही. उलट ते आपलंच आहे. आपल्याकडे कर्माचा बंध मन-वचन-कायेने आणि कृत-कारित-अनुमोदनेने लागतो, हे आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केल्याला मान डोलावलेलं, तिन्ही आपल्या खात्यावर. हे आपण हिंसेबद्दल पाठ करतो. मग पहाटे चारला उठवून, तिची झोप, तिचं फिरणं, तिचं सामायिक मोडून एका जिवाला राबवणं हे 'कारित' नाही का? आणि बाकीच्यांनी "वा, आमच्या घरात परदेशातही नियम पाळतात" म्हणत मान डोलावणं, ही अनुमोदना नाही का?

यावर मला जी उत्तरं मिळाली ती एकेक घेते.

पहिलं उत्तर: "स्वयंपाक करून घालणाऱ्याला पुण्य लागतं." लागतं, आहारदानाचं लागतं. पण आहारदानाला पात्र लागतं. मुनिमहाराज, आर्यिका माताजी, व्रती. बुलेट ट्रेनमध्ये खिडकीची जागा धरून बसलेला आपला नवरा हा उत्तम पात्र आहे, असं कोणत्या श्रावकाचारात लिहिलंय ते मला दाखवा. घरच्या माणसांना प्रेमाने खाऊ घालणं चांगलंच, मी रोज घालते. पण त्याला आहारदान म्हणून आपलीच समजूत काढू नका.

दुसरं उत्तर: "पुरुषांना जमत नाही." हे तर मी मुळीच मानत नाही. महाराजांचा चौका लागतो तेव्हा आपल्या घरातले पुरुष स्नान करून, शुद्ध धोतर-दुपट्टा नेसून उभे राहतात, पडगाहन करतात, घास हातात घेऊन नीट शोधतात, केस सापडू नये, जीव सापडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघतात. तिथे डोळे दिसतात, हात चालतात. मग घरच्या तांदळातले खडे दिसायच्या वेळी दृष्टी कुठे जाते? क्योटोच्या मठांत शेकडो वर्षं पुरुषांनीच भात रांधला, भाज्या चिरल्या, भांडी घासली. जमत नाही हे कारण नाही. मागितलं नाही हे कारण आहे.

आमच्याकडे मागितलं, आणि झालं. चूल असलेली भाड्याची छोटी सदनिका घेतली. वीजेचा कुकर कोणता न्यायचा हे ह्यांच्या वाट्याला आलं, म्हणून ह्यांनीच शोधून काढलं की जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते. आपला २३० व्होल्टचा कुकर तिथे लावला तर उष्णता जेमतेम पाचव्या हिश्शाची मिळते आणि भात शिजता शिजत नाही. दोन्ही व्होल्टेजवर चालणारा कुकर ह्यांनीच शोधून आणला. पाणी गाळायचं फडकं मामंजींकडे. ते पाणी गाळायचे आणि सासूबाई मागून येऊन बघायच्या, पाचही दिवस. सासूबाईंना हे सगळं आजही पूर्ण पटलेलं नाही, हेही सांगून टाकते. पण ज्या दुपारी हे आणि मुलगा खिचडी करायला मागे थांबले, त्या दुपारी सासूबाई, मुलगी आणि मी सांजुसान्गेन्दोला गेलो. १२६६ साली पुन्हा बांधलेला तो लाकडी सभामंडप जवळजवळ १२० मीटर लांब आहे आणि आत बोधिसत्त्व कान्नोनच्या १००१ मूर्ती रांगांत उभ्या आहेत. पुढे अठ्ठावीस रक्षक देवता आहेत, त्यांत बोन्तेन म्हणजे ब्रह्मा आणि ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. पंचकल्याणकात आपण ज्याला ऐरावतावर बसवतो तो इंद्र इतक्या लांब जाऊन उभा आहे, हे बघून सासूबाई बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे दाखवायला काही नाही. आम्ही तिघींनी ते डोळ्यांनी बघितलं, एवढंच. आणि परत आलो तेव्हा चारच्या आत ताट तयार होतं. खिचडी थोडी खाली लागली होती. कुणी काही बोललं नाही, कारण मी केलेली लागते तेव्हाही कुणी बोलत नाही.

तिसरं उत्तर मला जास्त गंभीर वाटतं: "असं प्रत्येकावर सोडलं तर नियम ढिले होतील. आईने डबा दिला म्हणूनच मुलं वाचतात." मी उलट म्हणते. डबा समोर येतो, म्हणून त्यांना कधी विचारावंच लागत नाही. निशिकी बाजारात ह्यांना बकव्हीटच्या नूडल्सची, म्हणजे सोबाची वाटी आवडली. नुसत्या पिठाच्या शेवया, वर हिरवी पात नको म्हणून सांगितलं की झालं, असं त्यांना वाटलं. माझ्या हातात डबा नव्हता. म्हणून त्यांनी फोनवर भाषांतर काढून दुकानदाराला विचारलं की रस्सा कशाचा. तेव्हा कळलं की तो दाशी आहे, म्हणजे वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या कीसाचं पाणी. तिथे बहुतेक ठिकाणी रश्शाला, भाजीला, लोणच्यालासुद्धा ही दाशी असते, दिसत नाही. त्यांनी वाटी परत ठेवली, हात जोडले, आणि पुढे जाऊन भाजलेले चेस्टनट घेतले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आपल्या नियमासाठी स्वतः विचारून, स्वतः नाही म्हणताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मुलाने तर वेष्टनावरची मासा, मांस, अंडं आणि कांदा ही चार चिन्हं फोनमध्ये साठवून ठेवली आणि दुकानात शिरलं की आधी तीच शोधायचा. पर्सिमॉन, संत्री, गोड न केलेलं ताजं तोफू, सोयाबीनच्या दुधाची साय म्हणजे युबा, साधा भात. उपाशी कुणी राहिलं नाही.

दुसऱ्याच्या आधारावर उभा असलेला नियम किती टिकतो, याचं उदाहरणही जपानमध्येच आहे. शतकानुशतकं तिथल्या बहुतेक पंथांच्या भिक्षूंना मांसाहार आणि लग्न यांची बंदी होती, आणि त्या बंदीमागे राज्याचा कायदाही होता. १८७२ मध्ये मेइजी सरकारने जाहीर केलं की मांस खाणं, लग्न करणं, केस वाढवणं हे भिक्षूंनी आपापलं ठरवावं. आज तिथल्या बहुतेक मंदिरांतले पुरोहित संसारी आहेत आणि मठाबाहेर मांस-मासे खातात. त्यांचा धर्म त्यांच्यापाशी, मला त्यांचा न्याय करायचा नाही. मी फक्त एवढं बघते की बाहेरचा हात निघाला आणि नियम बसला. आपल्या घरात तो बाहेरचा हात कुणाचा आहे? आईचा, बायकोचा. पुण्याच्या वसतिगृहात आपला मुलगा जातो तेव्हा तो हात मागे राहतो. मग पहिल्या सेमिस्टरला अंडं आणि दुसऱ्याला आणखी काही. आपण दोष संगतीला देतो. संगतीचा असेलही, पण ज्याने अठरा वर्षांत एकदाही स्वतःसाठी तांदूळ निवडले नाहीत त्याच्याकडे स्वतःचा असा नियम होता तरी कुठे?

आणि मुलींचं काय होतं ते बोलूया, कारण ते कुणी बोलत नाही. मागच्या वर्षी दशलक्षणात माझ्या मुलीने मला विचारलं होतं, "दादा पण जैनच आहे ना?" तेव्हा ती माझ्याबरोबर भांडी पुसत होती आणि दादा आत होता. त्या प्रश्नात सगळं आलं. आपल्या मुली शिकतात, नोकऱ्या करतात, हिशोब करतात. त्यांना जर दिसलं की या धर्मात नियम पुरुषाचा आणि घाम बाईचा, तर त्या घाम टाकताना नियमही टाकतील. त्यांना धर्म नको आहे असं नाही. आपण त्यांना धर्म आणि राबणं वेगळं करून दाखवलंच नाही.

आपल्यावरही थोडं बोलायला हवं. किती डबे नेले याची आपण आपसांत चढाओढ लावतो. महिनाभर आधी दळलेल्या पिठाच्या दशम्यांना 'अगदी शुद्ध' म्हणतो, आणि पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवसांची असते हे सोयीने विसरतो. सहल कंपनीने स्वयंपाकी बरोबर दिला की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. पण मी बघितलेल्या त्या सहलीत सगळ्यांना सूर्यास्ताआधी वाढून तो माणूस स्वतः रात्री नऊला जेवत होता. आपलं रात्रीभोजन त्याच्या रात्रीभोजनावर टिकलं. कारितची गोष्ट तिथेही लागू आहे. बायकांच्या डोक्यावरचं ओझं एका गरीब माणसाच्या डोक्यावर देणं ही सुटका नाही.

"एवढा त्रास होतो तर जाऊच नये" असंही एका काकूंनी मला सुनावलं. त्यांना माझा नमस्कार. दिग्व्रत घेऊन दिशांची मर्यादा करणारा श्रावक मोठाच. पण दिग्व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं. नवऱ्याने जग फिरायचं आणि बायकोने स्वयंपाकाच्या भीतीने घरी राहायचं, याला व्रत म्हणत नाहीत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रवासाला निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाने, अगदी दहा वर्षांच्या मुलानेही, आपला नियम आपल्या हाताने लिहावा. जो पाळायचा त्याचे कष्ट त्याने उचलावे. ज्याचे कष्ट उचलायचे नसतील तो नियम त्याने प्रामाणिकपणे लहान करावा, पण दुसरीच्या खांद्यावर मोठा करून मिरवू नये. आणि आपण बायकांनी एकमेकींना "काय काय नेलं होतंस" विचारणं थांबवावं. विचारायचंच असेल तर तिच्या नवऱ्याला विचारा.

फाल्गुनात आपल्या मंदिरातून सम्मेद शिखरजीला बस निघते आहे. नावांच्या वहीत 'स्वयंपाक' असा एक रकाना आहे, आणि काल बघितलं तेव्हा त्यात अकरा नावं होती, अकराही बायकांची. बारावं नाव मी आमच्या ह्यांचं लिहून आले आहे, त्यांना विचारूनच. वही रविवारपर्यंत कार्यालयात आहे. तुमच्या घरातून कुणाचं नाव जाणार, ते आज जेवताना सगळे समोर असताना विचारा.